गुदद्वाराभोवतीची जुनाट खाज: आधी पाहणे, मग मलम

हातावर किंवा मानेवर चट्टा उठला तर माणसे पंधरा दिवसांत दवाखाना गाठतात. गुदद्वाराभोवतीची खाज मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढतात. नाशिकमध्ये त्वचारोगांची प्रॅक्टिस करताना हे मी रोज पाहते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, बँकेतले अधिकारी, शाळेतल्या शिक्षिका, सगळ्यांची गोष्ट साधारण सारखीच असते. ‘संडासच्या जागेला खाज येते’ एवढे वाक्य तोंडातून निघायलाच दोन-तीन वर्षे गेलेली असतात. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून, ओळखीच्या माणसाकडून किंवा ‘मूळव्याध-भगंदर’ अशी पाटी लावलेल्या एखाद्या केंद्रातून उपचार झालेले असतात आणि त्यांपैकी कोणीही ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नसते. मला या लेखात त्याबद्दलच बोलायचे आहे. या भागातले सात-आठ वेगवेगळे आजार वरवर सारखेच लाल आणि खाजरे दिसतात, एकाचे औषध दुसऱ्याला वाढवते, आणि त्यामुळे न पाहता दिलेले मलम हा निव्वळ अंदाज ठरतो.

‘मॅडम, तपासायला नको, पाइल्सच आहे, फक्त चांगलं मलम लिहून द्या,’ असे सांगणारे काका जवळजवळ रोज भेटतात. त्यांचा संकोच मला समजतो. म्हणून तपासणी कशी होते ते आधी सांगते, कारण अर्धी भीती ती कशी होणार हे माहीत नसल्याची असते. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. अंगावर चादर असते, जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा केला जातो आणि रुग्णाला हवे असेल त्याप्रमाणे खोलीत परिचारिका किंवा घरचे माणूस थांबते. चांगल्या उजेडात नितंब हलकेच बाजूला करून त्वचेच्या घड्यांमध्ये पाहावे लागते, कारण भेगा, पांढरे डाग आणि बारीक फोड तिथेच दडलेले असतात. त्वचेपुरती तपासणी दुखत नाही आणि तिला दोन-तीन मिनिटे पुरतात. त्यानंतर मी टाळू, कानामागची जागा, बेंबी, कोपरे, नखे, जांघा आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्यासुद्धा पाहते. अनेकदा निदान तिथेच सापडते.

रुग्णाची हकिकत घेतानाही काही प्रश्न आवर्जून विचारावे लागतात. खाज रात्री जास्त येते की शौचानंतर? शौच पातळ होते की खडा धरतो? कपड्याला ओल किंवा डाग लागतो का? घरात आणखी कोणाला खाज आहे का? मधुमेह आहे का, आणि त्यासाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र आतापर्यंत काय काय लावले हा असतो, आणि त्याचे तोंडी उत्तर अपुरेच निघते. म्हणून मी सगळ्या ट्यूबा घेऊन यायला सांगते. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून टेबलावर एकेक ट्यूब बाहेर येते: शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली, नाव पुसट झालेली, झाकण हरवलेली. नाव वाचता येत नसले तरी घटकांची बारीक ओळ बहुधा शाबूत असते, आणि त्या ओळीत क्लोबेटासॉल (तीव्र स्टेरॉइड), निओमायसिन (प्रतिजैविक) आणि मायकोनाझोल (बुरशीनाशक) ही तीन नावे शेजारी-शेजारी दिसली की पुढच्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

सर्वांत जास्त आढळणारा दोष आजाराचा नसतो, धुण्याचा असतो. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. खाज आली की माणसाला ती जागा अस्वच्छ वाटते. तो साबण लावतो, घासतो, कोणी पाण्यात जंतुनाशक द्रव टाकतो, कोणी कडुनिंबाच्या कढत पाण्याने शेकतो, कोणी जेट स्प्रेचा जोरदार फवारा बराच वेळ मारतो. त्वचेचा वरचा संरक्षक थर त्यामुळे उतरतो आणि मग शौचाचा सूक्ष्म अंशदेखील, त्यातल्या पाचक द्रव्यांमुळे, तिथे आग करू लागतो. आग झाली की पुन्हा धुणे. खाजवल्याने त्वचा जाड, काळपट आणि चामडट होते, जाड त्वचेत घड्या वाढतात, घड्यांत ओल साठते आणि ओलीमुळे पुन्हा खाज सुटते. या फेऱ्यात अडकलेला माणूस बहुधा अत्यंत स्वच्छताप्रिय असतो, म्हणूनच ‘साबण पूर्ण बंद करा’ हा माझा सल्ला त्याला पटायला सर्वांत जड जातो. साधे कोमट पाणी पुरते. धुतल्यावर मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करायचे, घासायचे नाही, आणि त्यावर झिंक ऑक्साइडचे मलम किंवा साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. ज्यांना शौचानंतर थोडी गळती होते त्यांनी कापसाचा छोटा बोळा तिथे ठेवून तो ओला झाला की बदलावा.

ओल्या वाइप्सबद्दल वेगळे लिहायला हवे. प्रवासात, नोकरीच्या ठिकाणी आणि बाळांसाठी त्यांचा वापर आपल्याकडे वाढला आहे. त्या टिकाव्यात म्हणून त्यांत घातले जाणारे मिथाइलआयसोथायझोलिनोन हे द्रव्य अनेकांना ॲलर्जी देते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली या द्रव्याला ‘वर्षाचे ॲलर्जन’ ठरवले, ते याच कारणाने. सुगंधी द्रव्ये, निओमायसिन, पाइल्सच्या मलमांत बधिरीकरणासाठी असणारे बेंझोकेन किंवा सिंकोकेन, ही त्याच यादीतली इतर नावे. ज्या मलमाने आराम मिळावा त्याचीच ॲलर्जी असेल तर रुग्ण जितके अधिक लावील तितका दाह वाढतो. शंका आली की पॅच टेस्ट करावी. पाठीवर संशयित द्रव्यांच्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून वाचन करतात आणि ९६ तासांनी पुन्हा पाहतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते आणि घाम येईल असे काम टाळायचे असते, त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मेपेक्षा थंडीत ही चाचणी करणे सोयीचे पडते.

आता गजकर्णाकडे येते, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे या भागाचे सर्वांत मोठे दुखणे तेच आहे. जांघेतून सुरू झालेला नायटा मागे नितंबांच्या फटीपर्यंत पसरतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे घालून पहाटे धावतात आणि घाम अंगावरच वाळू देतात. फवारणी करणारे शेतकरी औषध अंगाला लागू न देणारे प्लॅस्टिकचे कपडे घालून तासन् तास बागेत असतात. खोलीत एकत्र राहणारे कामगार टॉवेल एकमेकांचे वापरतात. यात भर पडते ती वर सांगितलेल्या तीन औषधांच्या तिहेरी मलमाची. त्यातल्या क्लोबेटासॉलसारख्या तीव्र स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो आणि बुरशी मात्र आत निवांत पसरत राहते. मलम थांबवले की दुप्पट वेगाने उठते, म्हणून तो पुन्हा तेच आणतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती किती सहज मिळतात हे माझ्या टेबलावरच्या ट्यूबाच सांगतात. गुदद्वाराजवळची त्वचा झाकलेली आणि दमट असल्याने तिथे स्टेरॉइड जास्त शोषले जाते. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि भेगा पडतात.

स्टेरॉइडने चट्ट्याची कडा पुसली गेल्यावर नुसत्या नजरेने गजकर्ण ओळखणे अवघड होते. तिथे एक जुनी आणि अतिशय स्वस्त चाचणी कामी येते. चट्ट्याच्या कडेची त्वचा बोथट पात्याने हळूच खरवडायची, तो कोंडा काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवायची आणि काही मिनिटे थांबायचे. पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाचा उजेड थोडा कमी केला की पेशींच्या सीमा ओलांडून जाणारे, आडवे पडदे असलेले, फाटे फुटलेले हिरवट झाकीचे तंतू स्पष्ट दिसतात. मी रुग्णाला स्वतः पाहायला बोलावते. डोळ्यांनी बुरशी पाहिलेला माणूस गोळ्या मध्येच सोडत नाही, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे सध्या आढळणारी बुरशी बहुतांशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या जातीची आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळाले आणि टर्बिनाफिन या एकेकाळच्या हमखास औषधाला तिच्यातले बरेच वाण दाद देत नाहीत. त्यामुळे इट्राकोनाझोलसारखे औषध काही आठवडे घ्यावे लागते, चट्टे दिसेनासे झाल्यावरही मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवावे लागते, आणि घरात ज्या ज्या कोणाला नायटा आहे त्यांचे उपचार एकाच वेळी करावे लागतात. इट्राकोनाझोलचे इतर औषधांशी पटत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तर अजिबातच नाही. म्हणून ते दुकानातून आपले आपण आणून घेऊ नये.

बुरशीसारखाच दिसणारा पण जिवाणूंमुळे होणारा एरिथ्राझ्मा नावाचा तपकिरी-लाल चट्टा वुड्स लॅम्पच्या जांभळ्या प्रकाशात पोवळ्याच्या रंगाने चमकतो. मात्र रुग्ण नुकताच अंघोळ करून आला असेल तर चमकणारे द्रव्य धुऊन गेलेले असते आणि चाचणी फसते. मधुमेह्यांत कँडिडा नावाची बुरशी वाढते: ओलसर लाल चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर विखुरलेले छोटे पुळे. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर जननेंद्रियांच्या भागात हा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, पाहिल्याशिवाय नुसत्या मलमावर भागत नाही.

सोरायसिस या जागी आपले नेहमीचे रूप सोडून येतो. कोपरावर असणारी जाड चंदेरी खपली इथल्या दमटपणात टिकत नाही. उरतो तो गुळगुळीत, चकचकीत, स्पष्ट कडेचा लाल चट्टा आणि नितंबांच्या फटीत मधोमध पडलेली एक उभी भेग. त्याला बुरशी समजून महिनोन् महिने औषधे दिली जातात. टाळूवरचा कोंडा, कानामागची खपली आणि नखांवरचे बारीक खड्डे पाहिले की संशय फिटतो. इथे सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देऊन पुढे टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचे मलम ठेवणे मला अधिक योग्य वाटते. त्याने पहिले काही दिवस चुरचुरते, पण त्वचा पातळ होत नाही.

ज्या आजाराबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने लिहावेसे वाटते तो लायकेन स्क्लेरोसस. पाळी गेलेल्या स्त्रियांत आणि वयात न आलेल्या मुलींत तो प्रामुख्याने आढळतो. योनिमुखाभोवतीची आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा पांढरी, चुरगाळलेल्या पातळ कागदासारखी होते आणि दोन्ही भाग मिळून चट्ट्याला इंग्रजी आठच्या आकड्याचा आकार येतो. रात्रीची झोप मोडणारी खाज, शौचाच्या वेळी भेगांतून होणारा त्रास, लघवीची आग, शरीरसंबंधातल्या वेदना, हे सारे सोसत या स्त्रिया वर्षे काढतात. घरात सुनेला सांगायचे नाही, मुलाला तर नाहीच, नवऱ्याला सांगून उपयोग नाही असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. पांढरा रंग पाहून कोड असल्याची भीतीही असते. कोडात त्वचेचा फक्त रंग जातो, तिचा पोत बदलत नाही आणि सहसा खाजही येत नाही. इथे तिन्ही गोष्टी घडतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर भगोष्ठ (योनिमुखाचे ओठ) आक्रसून एकमेकांना चिकटतात.

या आजारात मात्र ज्या क्लोबेटासॉलविरुद्ध मी वर इतके लिहिले तेच औषध खरे उपयोगी पडते. निदान पक्के झाल्यावर पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, ही सर्वमान्य पद्धत आहे आणि तीस ग्रॅमची एक ट्यूब या तीन महिन्यांना पुरायला हवी. त्याहून जास्त लागत असेल तर मलम चुकीच्या जागी किंवा चुकीच्या मात्रेत जात आहे असे समजावे. म्हणून कोठे लावायचे ते मी हातात आरसा देऊन दाखवते. ‘मावशी, हा पांढरा भाग, एवढाच,’ असे बोटाने दाखवल्यावर त्या पहिल्यांदाच स्वतःची ती जागा पाहत असतात. उपचारांविना राहिलेल्या स्त्रियांत ५ टक्क्यांपर्यंत योनिमुखाच्या कर्करोगाचा धोका सांगितला जातो. त्यामुळे खाज थांबली तरी वर्षातून एक-दोनदा दाखवणे आणि मधेच एखादी गाठ, जाड कडा किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच येणे आवश्यक आहे. लहान मुलींत या आजारात त्वचेखाली रक्त साकळल्यासारखे डाग दिसतात आणि त्यावरून मुलीवर अत्याचार झाल्याचा गैरसमज होऊ शकतो. तो धागा तपासलाच पाहिजे, पण आजाराची ओळख असलेल्या डॉक्टरने ती जागा नीट पाहिल्यावर.

मुलांमध्ये आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गुदद्वाराभोवती लालभडक, ठळक कडेचे, दुखरे वर्तुळ असेल आणि मूल शौचाला बसायला घाबरत असेल, तर घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणूच तिथे असू शकतो. स्वॅब घेऊन पेनिसिलीन गटाचे औषध दहा ते चौदा दिवस दिले की हे मूल बरे होते. नुसती मलमे लावत बसल्याने होत नाही. रात्री झोपेत खाजवणाऱ्या मुलाच्या बाबतीत जंतांचा विचार आधी करावा. सेंटीमीटरभर लांबीची पांढरी मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून पहाटे, मुलाला धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्वचेला लावून ती काचपट्टीवर पाहावी लागते. अल्बेंडाझोलची एक मात्रा देऊन दोन आठवड्यांनी दुसरी द्यायची आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायची, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत.

सगळेच त्वचेचे असते असेही नाही. मूळव्याधीचा बाहेर येणारा कोंब, भगंदराचे तोंड किंवा जुनी फिशर (गुदद्वाराची चीर) असेल तर तिथून पाझरणाऱ्या स्रावाने भोवतालची त्वचा कुजत राहते, आणि मूळ दुखणे शल्यचिकित्सकाने हाताळेपर्यंत माझे मलम टिकत नाही. वारंवार होणारी भगंदरे, कडा पोखरलेली जखम, सोबत वजन घटणे किंवा जुलाब असतील तर क्षयरोग आणि क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह) या दोन्हींचा शोध घ्यावा लागतो. चामखिळीसारखे कोंब दिसले तर ते विषाणूचे आहेत की सिफिलिसचे हे रक्ततपासणीशिवाय ठरवू नये. एचआयव्हीची तपासणी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मोफत आणि गोपनीय होते, तिथे जायला कचरू नये.

आणि बायोप्सी. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस पांढराफटक पडतो. प्रत्यक्षात लिग्नोकेनने जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो आणि माणूस चालत घरी जातो. एक्झिमा समजून योग्य उपचार चार-सहा आठवडे करूनही जो चट्टा हलत नाही, विशेषतः एकाच बाजूला असलेला, हळूहळू पसरणारा, ओलसर लाल चट्टा, त्याची बायोप्सी केल्याशिवाय पुढचे मलम लिहू नये असे माझे ठाम मत आहे. सर जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८७४ मध्ये स्तनाग्रावरच्या एक्झिमासारख्या चट्ट्यामागे कर्करोग असतो हे दाखवले. तसाच आजार गुदद्वाराभोवतीही होतो हे १८९३ मध्ये नोंदले गेले. एवढी वर्षे लोटली तरी आजही तो उशिराच ओळखला जातो, कारण खाजणारा लाल चट्टा पाहून कोणी तुकडा घेत नाही. तो निघाला तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणीही करावी लागते, कारण काही रुग्णांत आत गाठ असते.

हे सारे तपासूनही काही रुग्णांत काहीच सापडत नाही. गुदद्वाराची खाज १ ते ५ टक्के लोकांना होते असे मानतात, पुरुषांत ती स्त्रियांच्या कितीतरी पट अधिक, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची त्वचा जवळजवळ निरोगी दिसते. त्यांना ‘काही नाही, मनाचं आहे’ असे सांगून परत पाठवणे मला अन्याय्य वाटते. साबण बंद, टिपून कोरडे करणे, संरक्षक थर, शौच बांधून होईल असे आहारातले तंतू, आणि कॉफी, चहा व तिखट काही आठवडे कमी करणे, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. नाशिकच्या माणसाला रविवारची मिसळ सोडायला सांगणे सोपे नाही, पण महिनाभर थांबून पुन्हा खाऊन पाहा आणि खाज वाढते का ते स्वतःच ठरवा, असे म्हटले की माणसे तयार होतात. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड दोन आठवडे, त्यापुढे नाही. याने न हटणाऱ्या खाजेवर मिरचीतल्याच कॅप्सेसिनचे अतिशय सौम्य, ०.००६ टक्क्यांचे मलम वापरून पाहिले गेले आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात ४४ पैकी ३१ रुग्णांना त्याने आराम पडला. ते तयार ट्यूबमध्ये सहसा मिळत नाही, बनवून घ्यावे लागते. कंबरेच्या मणक्यातली नस दबल्यानेही अशी खाज येऊ शकते, म्हणून सोबत पाठदुखी असेल तर ती सांगावी.

बरे झाल्यावरही दोन-तीन महिन्यांनी, प्रवासात, जुलाबानंतर किंवा पावसाळ्यात खाज पुन्हा डोके वर काढू शकते. तसे झाले तर जुनी तिहेरी ट्यूब शोधू नये. नखे कापावीत, रात्री सुती कपडे घालावेत, संरक्षक मलम पुन्हा सुरू करावे, आणि आठवडाभरात उतार पडला नाही तर ती जागा दाखवायला यावे.